शिप्रा आणि पुवा : राजाचा हुकूम व देवाचे भय

(शास्त्रपाठ : निर्गम १:८-२२)

आमच्या शब्बाथ शाळेत निर्गमाचा पहिला अध्याय चालला असता नऊ-दहा वर्षांच्या एका मुलाने आम्हांस मध्येच अडविले. "सर, त्या सुइणी राजाशी खोटं बोलल्या ना? मग देवानं त्यांचं बरं का केलं?" घंटा व्हावयास पाच मिनिटे उरली होती. "पुढच्या रविवारी सांगतो," असे म्हणून आम्ही सुटका करून घेतली. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही सुटला नाही. खरे सांगावयाचे तर हा भाग पुष्कळ वेळा शिकविलाच जात नाही. योसेफाचा झगा, योसेफाची स्वप्ने, योसेफाने भावांस केलेली क्षमा, एवढे झाले की धडा एकदम नदीकाठच्या लव्हाळ्यांत जातो आणि पेटाऱ्यातले बाळ मुलांपुढे येते. मधल्या पंधरा वचनांत दोन बायका एका बादशहाचा हुकूम मोडतात, ते तसेच राहून जाते. त्या आठवड्यात आम्ही जे वाचले व ज्यावर विचार केला, ते शिक्षकबंधुभगिनींसाठी येथे मांडीत आहोत.

प्रथम राजाकडे पाहू. योसेफाची ज्याला ओळख नव्हती असा नवा राजा मिसरावर आला, असे आठवे वचन सांगते. याकोबाचे घराणे मिसरात आले तेव्हा सत्तर माणसे होती. आता देश त्यांनी भरून गेला होता. राजाची तक्रार काय होती ते नीट पाहा. इस्राएलांनी बंड केले नव्हते, चोरी केली नव्हती, कोणावर हात उचलला नव्हता. उद्या लढाई झाली तर हे लोक शत्रूला मिळतील, एवढीच त्याची शंका. लढाईही अजून व्हावयाची होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या मातीत राहिलो तेथेच एके दिवशी 'तुम्ही कुठले?' असे कोणी विचारावे, याचा अर्थ आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना समजावून सांगावा लागणार नाही.

राजाने या भीतीवर पहिला उपाय केला तो वेठबिगारीचा. मुकादम नेमले, पिथोम व रामसेस ही भांडाराची नगरे बांधून घेतली, चिखल तुडवून विटा पाडण्याचे काम माथी मारले. हे काम कसे चाले याचे एक चित्र आजही पाहावयास मिळते. थेब्ज येथे रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे, ती ख्रिस्तापूर्वी पंधराव्या शतकातील. तिच्या भिंतीवर परदेशी कैदी विटा पाडताना रंगविलेले आहेत. कोणी तळ्यातून पाणी आणतो, कोणी चिखल कालवितो, कोणी साच्यातून विटा काढतो, आणि काठी घेतलेला मुकादम बाजूला बसला आहे. ते कैदी इब्रीच होते असे म्हणता येत नाही; पण निर्गमाच्या पाचव्या अध्यायातील गवत व विटा यांची हकिकत मुलांना सांगताना हे चित्र डोळ्यांपुढे ठेवावे. या उपायाने राजाच्या मनासारखे झाले नाही. जितका जाच झाला तितके लोक वाढत गेले.

मग दुसरा उपाय. तो उघड नव्हता. राजाने दोन सुइणींना बोलावून सांगितले की, इब्री स्त्रीचे बाळंतपण करताना मुलगा झाला तर तेथेच मारून टाका, मुलगी झाली तर जगू द्या. आजच्या मुलांचा जन्म दवाखान्यात झालेला असतो. सुईण म्हणजे कोण हेच त्यांना प्रथम सांगावे लागेल. वेणा सुरू झाल्या की मध्यरात्री कंदील घेऊन जिला बोलावणे जाई, जी नाळ कापी, बाळबाळंतिणीला न्हाऊमाखू घाली, जिच्यापासून घरातले काही लपत नसे, ती सुईण. घरातील पुरुष बाहेर ओट्यावर बसत. आत तिचा शब्द चाले. ज्या हातांवर आईचा सर्वांत अधिक भरवसा तेच हात राजाला हवे होते. मूल जन्मताच गेले, असे आईला वाटावे, कोणावर आळ येऊ नये, आणि राज्यात गवगवाही होऊ नये, असाच हा बेत दिसतो.

सोळाव्या वचनात प्रसूतीच्या आसनासाठी जो इब्री शब्द आहे त्याचा अक्षरशः अर्थ 'दोन दगड' असा आहे. हाच शब्द यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात कुंभाराच्या चाकासाठी आला आहे. मिसरातील स्त्रिया विटांवर टेकून प्रसूत होत, आणि विटेच्या रूपातील मेस्खेनेत नावाची जन्माची देवताही ते लोक मानीत. २००१ साली अबायडोस येथील उत्खननात अशी एक रंगविलेली वीट सापडली. तिच्यावर बाळ हातांत घेतलेली आई काढलेली आहे. आम्हाला हे वाचून थोडा वेळ पुढे वाचवेना. नवरा दिवसभर फारोसाठी विटा पाडतो, आणि त्याच्या बायकोपुढे ज्या दोन विटा वा दगड ठेवावयाचे तेथेही फारोचा हुकूम जाऊन बसतो. जुलूम कोठपर्यंत पोहोचतो हे शास्त्र किती थोड्या शब्दांत सांगते!

सुइणी दोनच कशा? एवढ्या मोठ्या समाजाला दोन पुरणार नाहीत, हे उघड आहे. बाराव्या शतकातील यहूदी टीकाकार इब्न एझ्रा म्हणतो की, सुइणी पाचशेहून अधिक असल्या पाहिजेत आणि या दोघी त्यांच्यावरील प्रमुख होत्या. हे आम्हाला पटण्याजोगे वाटते. जुन्या यहूदी परंपरेत शिप्रा म्हणजे मोशेची आई योखबेद व पुवा म्हणजे मिर्याम असेही सांगितले आहे. पण शास्त्रात त्याला आधार नाही, आणि मोशेच्या घराण्यापलीकडेही देवाला माणसे मिळतात हे या गोष्टीचे वैशिष्ट्य त्यामुळे हरवते. त्याच परंपरेतील एक कल्पना मात्र गोड आहे. शिप्रा हे नाव बाळाला पुसून, सावरून सुंदर करणारी म्हणून, आणि पुवा हे नाव बाळाशी लाडे लाडे बोलणारी म्हणून पडले, असे ते सांगतात. बालवर्गाला हे जरूर सांगावे.

त्या इब्री होत्या की मिसरी, हाही वाद जुना आहे. मूळ शब्दांचा अर्थ 'इब्री सुइणी' असा होतो, तसाच 'इब्री स्त्रियांच्या सुइणी' असाही करता येतो. सत्तरांचे ग्रीक भाषांतर दुसऱ्या अर्थाकडे झुकते, आणि इतिहासकार योसेफस तर त्या मिसरी होत्या असे स्पष्ट लिहितो. नावे मात्र मिसरी नाहीत. ब्रुकलिन येथील संग्रहालयात ख्रिस्तापूर्वी अठराव्या शतकातील एक मिसरी कागद आहे. त्यात एका घरच्या दासदासींची यादी असून चाळीसहून अधिक नावे मिसराबाहेरून आलेल्या लोकांची आहेत. त्यांत शिप्रा या नावाशी जुळणारे एका स्त्रीचे नाव आहे. ती हीच शिप्रा असे कोणी म्हणत नाही. पण असे नाव धारण करणाऱ्या बायका मिसरात खरोखर राबत होत्या, एवढे त्यावरून कळते. आमचा कल त्या इब्री होत्या असे समजण्याकडे आहे. तरी कोणी त्यांस मिसरी म्हटले तर वाद घालू नये. अब्राहाम गरारास गेला तेव्हा या ठिकाणी देवाचे भय नाही असे त्याला वाटले आणि तो चुकला, हे उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात आहे. देवाचे भय परक्या घरातही आढळते.

आता सतरावे वचन. सुइणींना देवाचे भय होते म्हणून त्यांनी राजाचे ऐकले नाही आणि मुलगे जिवंत ठेवले. या अध्यायात देवाचे नाव येथे प्रथमच येते. तोवर सर्व फारोच बोलतो, फारोच करतो. आणि देवाचे नाव येते ते कोणत्या चमत्काराबरोबर नाही, पेटलेल्या झुडुपाबरोबर नाही, तर दोन काम करणाऱ्या बायकांच्या मनातील भयाबरोबर येते. भय या शब्दाने आपण कधी कधी अडखळतो; देवाला भ्यावयाचे कशाला, तो तर पिता आहे, असे म्हणतो. पण या गोष्टीत भय राजालाही आहे आणि सुइणींनाही आहे. राजाला माणसांच्या संख्येचे भय वाटते, म्हणून तो तान्ह्या मुलांचा वैरी होतो. सुइणींना देवाचे भय वाटते, म्हणून राजासमोर उभ्या राहूनही त्यांचे हात बाळाला धरूनच राहतात. राजाची भीती त्यांना वाटलीच नसेल असे आम्हाला वाटत नाही. शास्त्रही तसे म्हणत नाही.

ह्या हुकमाची दुसरी बाजू आपल्या देशात घडली आहे, ती वरच्या वर्गाला सांगण्यास हरकत नाही. फारोने मुलगे मारावयास सांगितले. आपल्याकडे मुली मारल्या गेल्या. काठेवाडात 'दूधपीती'ची चाल होती. जन्मलेली मुलगी बाळंतिणीच्या खोलीतच संपविली जाई. १८०८ साली बडोद्याचे रेसिडेंट कर्नल वॉकर यांनी जाडेजा सरदारांकडून ही चाल सोडण्याचे करार लिहून घेतले. पुढे १८७० साली तिच्याविरुद्ध कायदा झाला. तेवढ्याने ती वृत्ती मेली नाही. सोनोग्राफीचे यंत्र आले तेव्हा जन्मापर्यंत थांबण्याचीही गरज उरली नाही, म्हणून गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली महाराष्ट्राने व १९९४ साली केंद्र सरकारने कायदे केले. येथे हुकूम राजाचा नव्हता. तो सासऱ्याचा, नवऱ्याचा, आणि सांगावयास दुःख होते, कधी सासूचाही होता. त्या यंत्रापुढे बसलेली व्यक्ती आज शिप्रेच्या जागी बसली आहे. आपल्या मंडळ्यांतून किती मुली परिचारिका झाल्या हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्यापैकी एखादीला कोणी हळूच विचारले, 'बाई, नुसतं खुणेनं सांगा,' तर तिच्या पाठीशी उभे राहण्यास मंडळीतील वडीलजन तयार आहेत काय?

आता त्या मुलाचा प्रश्न. राजाने सुइणींना पुन्हा बोलाविले आणि जाब विचारला. त्या म्हणाल्या, इब्री स्त्रिया मिसरी स्त्रियांसारख्या नाहीत. त्या जोमदार आहेत, आम्ही पोहोचण्यापूर्वीच मोकळ्या होतात. आता हे खोटे की खरे? थोडे खरे असू शकेल. शेतात खुरपता खुरपता बाळंत होऊन पदरात मूल घेऊन घरी आलेल्या बाया आपल्या आज्यांनी पाहिल्या आहेत. सुइणी मुद्दाम उशिरा निघत असाव्यात, असेही काही जण म्हणतात. पण सतरावे वचन सांगते की, मुले वाचली ती सुइणींनी वाचविली म्हणून. तेव्हा त्यांनी राजाला सर्व सांगितले नाही, हे मान्य करावयास हवे. मुलांपुढे ते झाकू नये. मुलांना झाकलेले लगेच कळते.

मंडळीच्या थोर शिक्षकांनी यावर पुष्कळ खल केला आहे. संत ऑगस्टीन यांनी ४२० च्या सुमारास असत्याविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्यात ते म्हणतात की, देवाने सुइणींचे बरे केले ते त्यांच्या दयेबद्दल. खोटे बोलण्याबद्दल नव्हे. कॅल्व्हिन यांचेही मत साधारण असेच आहे: असत्याचा दोष राहतो, पण देव आपल्या लेकरांची अपुरी कामेही कृपेने स्वीकारतो. दुसरी बाजूही शास्त्रातच आहे. राहाबेने हेर लपविले व शिपायांना भलत्या वाटेने धाडले, तरी इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या व याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात तिची गणना विश्वास ठेवणाऱ्यांत होते. शौलाला कळले तर तो ठार मारील अशी शमुवेलाला भीती वाटली, तेव्हा यज्ञ करावयास आलो आहे एवढेच सांग, असे देवानेच त्याला सुचविले. खुनी सुरी घेऊन दारात उभा असता मूल कोठे आहे ते त्याला खरेपणाने सांगणे ही देवाची सेवा होईल, असे आम्हाला वाटत नाही. त्याबरोबरच, परीक्षेत नक्कल करून 'सुइणी नाही का बोलल्या?' असे विचारणाऱ्यालाही या अध्यायात आसरा नाही. सुइणींनी आपला जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याला फसविले नाही. दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी स्वतःचा धोक्यात घातला. हा भेद मुलांना समजतो. आमच्या अनुभवाने मोठ्यांपेक्षा लवकर समजतो.

हा प्रश्न पुस्तकी नाही, हे दाखविण्यास गेल्या शतकातील एक हकिकत पुरे. फ्रान्सच्या डोंगराळ भागात ल शांबों नावाचे एक प्रॉटेस्टंट गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या गावाने व आसपासच्या वाड्यावस्त्यांनी हजारो निर्वासितांना, विशेषतः यहूदी मुलांना, आसरा दिला. तेथील पाळक आंद्रे त्रोक्मे यांच्याकडे १९४२ च्या ऑगस्टात अधिकारी यहूद्यांची यादी मागावयास आले. ती त्यांनी दिली नाही. १९४३ च्या फेब्रुवारीत त्यांस व त्यांचे सहकारी एदुआर्द थेस यांस पकडून छावणीत ठेवले. सरकारच्या हुकमांचे पालन करू अशा कागदावर सही केली तर सोडतो, असे सांगण्यात आले. दोघांनी सही केली नाही. नंतर ते सुटले, पण पुढे त्रोक्मे यांना लपून राहावे लागले, तेव्हा त्यांच्या खिशात खोट्या नावाचे ओळखपत्र होते. गावात असली शेकडो ओळखपत्रे तयार झाली होती, त्यांवर मुलांचे जीव तगले होते. तरी पाळकसाहेबांच्या मनाला ते टोचत राहिले. कोणी सरळ विचारलेच तर आपले खरे नाव सांगावयाचे, असे त्यांनी ठरवून ठेवले होते. ज्याने एवढ्यांना लपविले त्याला स्वतःच्या एका खोट्या नावाची बोच लागून राहावी, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ऑगस्टीन व राहाब ही दोघेही जणू एकाच माणसाच्या मनात बसून बोलत होती.

नावांविषयी एक बारीक गोष्ट. ज्या फारोने नगरे बांधली, फौजा पाळल्या, स्वतःची नावे दगडांत कोरून घेतली, त्याचे नाव निर्गमाच्या पुस्तकात कोठेच नाही. तो कोणता फारो, यावर विद्वान अद्याप भांडत आहेत. सुइणींची नावे मात्र लिहिली आहेत. फळ्यावर ही दोन नावे मोठ्या अक्षरांत लिहावी आणि फारोच्या नावापुढे रिकामी जागा सोडावी. एवढ्याने अर्धा धडा होतो. देवाने त्यांची घराणी वसविली, असे एकविसावे वचन सांगते. तेवढ्यावर मात्र धडा थांबवू नये.

पुष्कळ शिक्षक तेथेच थांबतात, कारण शेवट गोड होतो. पण अध्याय बाविसाव्या वचनाने संपतो. गुप्त बेत फसला तेव्हा फारोने उघड हुकूम काढला आणि तो सुइणींना नव्हे, आपल्या सर्व प्रजेला दिला: मुलगा जन्मला की नदीत टाका. सुइणींच्या धैर्याने जुलूम संपला नाही. उलट तो चव्हाट्यावर आला आणि अधिक क्रूर झाला. स्तेफनाने आपल्या भाषणात या दिवसांची आठवण काढली आहे. किती मुले गेली ते शास्त्र सांगत नाही. मग सुइणींनी काय मिळविले, असे कोणी विचारील. दिवस मिळविले, महिने मिळविले, कदाचित वर्षे मिळविली.

येथे निर्गम ७:७ उघडावे. मोशे व अहरोन फारोपुढे उभे राहिले तेव्हा मोशे ऐंशी वर्षांचा व अहरोन त्र्याऐंशी वर्षांचा होता. मोशेला तीन महिने लपवावे लागले, मग पेटाऱ्यात ठेवावे लागले. अहरोनाला कोणी लपविल्याचा उल्लेख कोठेच नाही.

पुढच्या रविवारी आम्ही हे सर्व वर्गात सांगितले. ऑगस्टीन व कॅल्व्हिन वगळून. खोटे बोलण्याबद्दल थोर लोकांचेही एकमत नाही, हेही त्या मुलाला सांगितले, आणि त्याला ते फारसे आवडले नाही असे दिसले. शेवटी अहरोनाचे वय काढले तेव्हा त्याने बोटांवर वजाबाकी केली. थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "म्हणजे अहरोनच्या वेळी शिप्रा असेल का, सर?" तसे शास्त्रात लिहिलेले नाही, हे आम्ही सांगितले. असू शकेल, हेही सांगितले. मग घंटा झाली.